विश्लेषण: एका ‘रीसेट’मुळे अख्खा सर्व्हर कसा कोसळू शकतो?

मलकापूरच्या व्यापाऱ्याचा हिशेब असो की इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट, क्लाउडवर ठेवला की तो दूरच्या सर्व्हरवर चालतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत क्लाउड सेवा सुरू केली. क्लाउडमध्ये एका मोठ्या सर्व्हरवर अनेक अनोळखी ग्राहक राहतात. त्यातल्या एकाने मुद्दाम खोडी काढली तर बाकीच्यांचं काय? लिनक्समधल्या ‘सीव्हीई-२०२२-३३४४’ या त्रुटीने हाच प्रश्न समोर आणला.

नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे घरमालक समजा. तो एकाच यंत्राचे भाग पाडून अनेक ‘आभासी संगणक’ भाड्याने देतो. लिनक्सवर हे काम ‘केव्हीएम’ करतं. २००७ पासून ते लिनक्सचाच भाग आहे. आता भाडेकरूनेही आपल्या आभासी संगणकात आणखी एक आभासी संगणक चालवला, तर तो झाला पोटभाडेकरू. यालाच नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. सॉफ्टवेअरची चाचणी करणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना ते फार उपयोगी पडतं.

त्रुटी नेमकी कुठे होती?

प्रोसेसरला एक चूक सावरताना दुसरी आणि ती सावरताना तिसरी चूक झाली, की तो हात टेकतो. याला ‘ट्रिपल फॉल्ट’ म्हणतात. पोटभाडेकरूच्या बाबतीत असं घडलं, तर इंटेलच्या प्रोसेसरवर भाडेकरूला त्याची खबर मिळतेच. एएमडीच्या प्रोसेसरवर मात्र ही खबर घ्यायची की नाही, हे भाडेकरू स्वतः ठरवू शकतो.

त्याने ती नाकारली तर निस्तरण्याची जबाबदारी थेट घरमालकावर, म्हणजे केव्हीएमवर येते. केव्हीएम तो आभासी प्रोसेसर रीसेट करायचं, पण एक पायरी राहून जायची. प्रोसेसर कोरा व्हायचा, तरी ‘पोटभाडेकरूचं काम अजून सुरू आहे’ ही नोंद पुसली जात नव्हती. खोली रिकामी आणि वहीत मात्र माणूस आत! या गोंधळातून पुढे घरमालकाचं कर्नलच कोसळू शकत होतं. तसं झालं तर त्या सर्व्हरवरचे सगळेच ग्राहक बंद पडतात.

यात डेटा चोरीचा नव्हे, तर सेवा ठप्प पाडण्याचा धोका होता. त्यासाठी भाडेकरूला नेस्टेड सुविधा मिळालेली असणं आवश्यक होतं.

उपाय काय झाला?

नोव्हेंबर २०२२ मध्ये रेड हॅटचे अभियंता मॅक्सिम लेवित्स्की यांची दुरुस्ती लिनक्समध्ये आली. रीसेट करण्याआधी प्रोसेसरला आतल्या थरातून सक्तीने बाहेर काढायचं, हे तिचं सूत्र. डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ मध्ये ती समाविष्ट आहे.

मलकापूरकरांनी काय करावं?

फक्त मोबाइल वापरणाऱ्यांना काहीच करायचं नाही. पण कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा छोट्या कंपनीत एएमडीच्या सर्व्हरवर केव्हीएम चालत असेल, तर कर्नल अद्ययावत आहे का, हे पाहायला हवं. नेस्टेड सुविधा लागत नसेल तर ती बंद ठेवणं उत्तम. क्लाउडवर जागा भाड्याने घेणाऱ्यांनी स्वस्त दराबरोबरच सेवादार सुरक्षा दुरुस्त्या किती लवकर बसवतो, हेही विचारावं. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. कारण एकाच छताखाली राहताना शेजाऱ्याची खोडी आपल्यालाही भोवू शकते, आणि ती रोखणं घरमालकाच्याच हातात असतं.