गॅसवर धावते, पेट्रोलवर अडते



डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आपल्या वस्त्यांत एकच घाई उडते. १ जानेवारीला पेरणे येथे विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जायचे असते. ज्याच्या दारात टुरिस्टची गाडी उभी असते, त्याच्याकडे शेजारीपाजारी आधीपासून नंबर लावून ठेवतात. येरवड्यातल्या आमच्या ओळखीच्या एका घरी मात्र या वेळी निराळाच प्रसंग उभा राहिला. गाडी त्यांच्या रोजच्या भाकरीची आणि बँकेचे हप्ते अजून फिटायचे. सकाळी चावी फिरवली की इंजिन चालू होई, पण सारी गाडी थरथर कापे, मिसिंग मारी आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुके. दोनतीन मिनिटांत गाडी आपोआप सीएनजीवर गेली की सगळे शांत. मग दिवसभर कसलीही कुरकुर नाही.

दादा एका गॅरेजात गेले. तिथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडले, कान लावला आणि निकाल दिला, "चारही इंजेक्टर गेले. नवा सेट टाका. पेट्रोलचा पंपही बदलून घ्या, परत ताप नको." खर्चाचा आकडा गाडीच्या महिन्याच्या हप्त्यापेक्षा मोठा होता. त्या रात्री दादा ताटावरून अर्धपोटी उठले. वहिनींनी बचत गटातून उचल काढायची तयारी केली.

त्यांची थोरली मुलगी औंधच्या आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकते. ती म्हणाली, "पप्पा, गॅसवर गाडी नीट चालते ना? मग आधी बघू तरी, नेमके काय बिघडलेय ते."

या एका प्रश्नात अर्धे निदान आहे. प्लग, कॉइल, इंजिनचे कॉम्प्रेशन या गोष्टी गॅसला आणि पेट्रोलला सारख्याच लागतात. त्यांत दोष असता तर गाडी गॅसवरही अडखळली असती. ती गॅसवर सरळ धावते, म्हणजे दोष फक्त पेट्रोलच्या वाटेवर आहे. ही वाट टाकीतला पंप, फिल्टर, नळी, इंजेक्टर आणि इंजेक्टरला जाणारी वायर एवढीच. पंप किंवा फिल्टर अडला तर चारही सिलिंडर उपाशी राहतात, चढावर गाडी ओढत नाही. एकच सिलिंडर मिसिंग मारत असेल तर बोट इंजेक्टरकडे किंवा त्याच्या वायरकडे जाते. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की, कोणी थोर माणूस सांगतो एवढ्यावरून काही स्वीकारू नका. मिस्त्रीच्या बोलण्यालाही हे लागू करायला आमची काही हरकत नाही.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी बारीक तोटी. तिच्या मागे पेट्रोल साधारण तीनचार बारच्या दाबाने उभे असते, म्हणजे सायकलच्या घट्ट भरलेल्या ट्यूबमध्ये हवेचा असतो तितक्या दाबाने. इंजिन नुसते चालू असताना ही तोटी दर वेळी सेकंदाचे दोनतीन हजारांश भाग उघडते आणि धुक्यासारखा फवारा सोडते. ज्या भगिनींनी रॉकेलचा स्टोव्ह वापरला आहे त्यांना जास्त सांगायला नको. निपलमध्ये काजळी बसली की निळी ज्योत पिवळी होऊन एका बाजूला कलते. इंजेक्टरचेही तेच. भोकाच्या तोंडाशी थर बसला की धुक्याऐवजी धार पडते किंवा थेंब गळतात, आणि पेट्रोल नीट जळत नाही. मात्र स्टोव्हची पिन इथे चालत नाही, हे लक्षात ठेवा. इंजेक्टरच्या भोकात सुई किंवा तार घातली की त्याचे माप बिघडते आणि तो कायमचा निकामी होतो.

आता गॅसच्या गाडीलाच हे दुखणे का जडते? बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि इंजिन तापले की गॅसवर जातात. मग दिवसभर पेट्रोलचे इंजेक्टर तापल्या इंजिनात रिकामे बसून राहतात. त्यांच्या तोंडाशी उरलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि डिंकासारखा चिकट थर मागे राहतो. त्यात आपली काटकसर अशी, की टाकीत दोन लिटर पेट्रोल टाकून महिनेन् महिने ढकलायचे. ते पेट्रोल शिळे होते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून ते फार दिवस साठवू नये. शिवाय टाकीतला पंप त्याच पेट्रोलात बुडून थंड राहतो. टाकी कोरडी ठेवली तर पंप तापून जळतो, आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे तिथे जातात.

पुढे काय केले ते सांगतो. ओळखीच्या एका मुलाकडून स्कॅनर आणून लावला. कोड आला पी ०३०३, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतो. पण स्कॅनर एवढेच सांगतो, का मारतो ते सांगत नाही. लोक कोड पाहतात आणि लगेच पार्ट बदलतात, तिथेच पैसा वाया जातो. मुलीने बटण दाबून गाडी पेट्रोलवरच ठेवली, ओढणी कमरेला घट्ट बांधली (फॅन आणि बेल्ट जवळ असतात, ही खबरदारी प्रत्येकाने घ्यावी) आणि इंजेक्टरची पिने एकेक करून काढली. चांगल्या सिलिंडरचे पिन काढले की इंजिन खाली बसते. तीन नंबरचे काढले तर काहीच फरक पडेना. मग लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून ऐकले. चारही टिकटिक करत होते, म्हणजे वीज पोचत होती. इंजिन बंद करून मल्टिमीटर लावला. चौघांचा रोध बारा ते सोळा ओहमच्या मधे आणि जवळपास सारखाच. कॉइल शाबूत.

तरीही वायरची शंका उरतेच. बाहेरून बसवलेल्या गॅस किटमध्ये पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून गॅसच्या कॉम्प्युटरमधून फिरवलेल्या असतात. तिथला एखादा जोड ढिला झाला तरी लक्षण हेच दिसते. यावर उपाय अदलाबदलीचा. तीन नंबरचा इंजेक्टर एक नंबरवर आणि एकचा तीनवर. दोष इंजेक्टरबरोबर एक नंबरवर गेला तर इंजेक्टर गुन्हेगार, तीनवरच राहिला तर वायर. त्याआधी तिने पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. दादांना विडी लांब जाऊन ओढायला सांगितले, हेही लिहून ठेवतो. आगीचा खेळ आहे हा.

दोष एक नंबरवर गेला.

चारही इंजेक्टर काढून मशीन असलेल्या दुकानात नेले. बापलेक समोर उभे राहिले, कारण साफ करण्याआधीचे माप पाहिल्याशिवाय साफ केल्याचा अर्थ कळत नाही. मशीनवर चार काचेच्या नळ्या, प्रत्येकीवर मिलिलिटरच्या रेघा. तीन नळ्या जवळपास सारख्या भरल्या, चौथी निम्म्यावर राहिली. मग इंजेक्टर अल्ट्रासोनिक पाण्यात ठेवले. त्यात ध्वनीच्या कंपनाने बारीक बुडबुडे फुटतात आणि थर सुटतो. त्याच वेळी इंजेक्टरला वीज देऊन उघडझाप चालू ठेवतात, नाहीतर आतली घाण आतच राहते. पुन्हा माप घेतले तेव्हा चारही नळ्या जवळपास एका रेषेत आल्या. पण बंद ठेवून दाब दिल्यावर एक इंजेक्टर थेंब थेंब गळत राहिला. तो दोषी वाटणारा नव्हता, दुसराच होता. त्याची बैठक झिजली होती आणि झीज धुऊन जात नाही. तेवढा एक नवा घेतला. नाना पेठेतून नव्या ओ-रिंगा आणल्या, कारण जुन्या रिंगा परत बसवल्या की पेट्रोल गळते. पंपाला हातही लावावा लागला नाही.

टाकीत ओतायच्या बाटलीबद्दल वाचक विचारतात. थर हलका असेल तर चांगल्या प्रतीच्या बाटलीने फरक पडतो, पण निम्मा तुंबलेला इंजेक्टर तिने उघडत नाही. डिझेलच्या कॉमन रेल गाडीत मात्र यातले काही घरी करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, चालू इंजिनात नट ढिला केला तर निघालेली धार कातडी भेदून आत शिरते आणि गाठ थेट ऑपरेशनशी पडते.

भेसळीचेही सांगायला हवे. पेट्रोल-डिझेलमध्ये रॉकेल मिसळले की इंजेक्टर आणि पंप दोन्ही भोगतात. हा काही किरकोळ गुन्हा नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाच्या काळ्या धंद्याला आडवे गेलेले मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. आपल्या हाती निदान एक गोष्ट आहे. पंपावर फिल्टर पेपर मागा, तो द्यावाच लागतो. नोझलचे तोंड पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाका, दोनेक मिनिटांत तो उडून जातो. गडद डाग उरला तर शंका घ्या आणि तक्रार नोंदवा.

त्या मुलीचे आम्हाला कौतुक वाटले आणि १९४२ सालची आठवण झाली. बाबासाहेबांनी व्हाईसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घेऊन तांत्रिक शिक्षण द्यावे, अशी मागणी केली होती. आज आय.टी.आय.चा दरवाजा मुलींना उघडा आहे. तरीही "गॅरेजात मुलगी काय करणार" असे आपल्याच घरांतून ऐकू येते. दादाही पहिल्या वर्षी हेच म्हणत होते, हे त्यांनी आम्हाला स्वतः सांगितले.

आता त्यांच्या घरी नियम झाला आहे. टाकी पाव भागाखाली जाऊ द्यायची नाही आणि आठवड्यातून एकदा आठदहा किलोमीटर गाडी मुद्दाम पेट्रोलवर चालवायची. १ जानेवारीला पहाटे गाडी थंडीत पहिल्या चावीला चालू झाली. पाच माणसे बसली, दोघांना जागा पुरली नाही, ते बसने पुढे गेले.

पुढच्या अंकी थंडीत बॅटरी उतरते त्याविषयी. प्रश्न पाठवताना गाडीचे वर्ष आणि इंधन कोणते ते जरूर लिहावे.