राखीगढीची ती बाई आणि आपण

1. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातले राखीगढी पुण्याला परके नाही. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकाने तिथली हडप्पाकालीन दफनभूमी खणली. डीएनएसाठी तिथले 61 नमुने तपासले गेले. आपल्या उष्ण हवेत डीएनए टिकत नाही, त्यामुळे हाती लागला एकच नमुना, एका बाईचा. तोही इतका विरलेला होता, की वाचण्याजोगी माहिती जमवायला त्याच्यावर शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया करावी लागली. या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार. पण निष्कर्ष सांगताना हा ‘एक’ आकडा आधी सांगायला हवा, आणि नेमका तोच गाळला जातो.

2. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच भांड्यात शिजलेला असतो. माणसांचे तसे नसते. उत्तराखंडातल्या रूपकुंडाच्या काठचे सांगाडे एकाच संकटात सापडलेल्या लोकांचे, असे बरीच वर्षे मानले जाई. 2019 मध्ये 38 जणांचा डीएनए वाचला गेला. त्यातले 23 दक्षिण आशियातले, 14 चक्क पूर्व भूमध्य समुद्राकडचे आणि एक आग्नेय आशियातला निघाला. या गटांच्या मृत्यूंमध्ये सुमारे हजार वर्षांचे अंतर होते. तिथे एकच हाड तपासून थांबलो असतो तर?

3. सप्टेंबर 2019 मध्ये दोन शोधनिबंध सोबतच आले. पहिला राखीगढीच्या बाईचा. तिच्यात इराणी वंशशाखेशी नाते सांगणारा आणि इथल्या प्राचीन शिकारी लोकांचा, असे दोन वारसे मिसळलेले होते. गवताळ स्टेप प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. तिची इराणी शाखाही तिकडे शेती सुरू होण्याआधीच वेगळी झालेली. दुसऱ्या निबंधात 523 प्राचीन व्यक्तींचा डीएनए होता. त्यानुसार तो स्टेप अंश भारतात आला हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळानंतर, इसवीसनपूर्व 2000 ते 1500 च्या दरम्यान. दोन्हींचे अनेक लेखक तेच. तरीही अनेक बातम्यांत पहिल्याच निबंधाच्या आधारे ‘बाहेरून कुणी आलेच नाही’ असे छापून आले. जी बाई स्थलांतराच्या आधीच वारली, ती त्या स्थलांतराविरुद्ध साक्ष कशी देणार?

4. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासात 2024 मध्ये राखीगढीच्या डीएनएचा मजकूर आला. तो यावा, जरूर यावा. पण मुलांना दोन्ही निबंध सांगा, 61 पैकी एक हेही सांगा. सतरा वर्षांच्या मुलाला एवढा हिशेब कळतो.

5. माझी खरी काळजी हाडांची आहे. आतल्या कानाभोवतीचे कवटीचे कठीण हाड डीएनएसाठी सर्वांत चांगले. त्याला भोक पाडून किंवा ते कापून त्याची भुकटी करतात. ती भुकटी पुन्हा हाड होत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी, साधारण इसवीसनपूर्व 1600 ते 700 या काळात, आपली गेलेली लेकरे राहत्या घराच्या जमिनीखाली पुरली: दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आणि आत ते मूल. असे दफन पाहिले की ‘नमुना’ हा शब्द जिभेवर येत नाही. आज जे तंत्र दहा हाडांतून काही काढू शकत नाही, ते वीस वर्षांनी कदाचित काढेल. तोवर हाड शिल्लक तर हवे!

6. म्हणून मागणी अशी. हाडाला छिद्र पाडण्याआधी त्याचे त्रिमितीय स्कॅन करून ते जतन व्हावे. दोन्ही बाजूंची हाडे असतील तर एकीला हात लावू नये. परवानगी कुणी दिली, किती हाड वापरले, किती प्रयत्न फसले, याची नोंद कुणालाही पाहता यावी. आणि उत्खनन ज्या गावात झाले, त्या गावाला निष्कर्ष त्याच्या भाषेत, पत्रकार परिषदेच्या आधी कळावा. इनामगावच्या ग्रामपंचायतीला तो मराठीतच मिळायला हवा.