घाम न सुकणारे ऊन

विदर्भ-मराठवाड्यातून मनामात प्रथम येणाऱ्यांच्या मनात बहुधा एक गैरसमज असतो. नागपूरचे ४५ अंशांचे ऊन ज्यांनी सोसले, त्यांना इथल्या ३८-४० अंशांचे काय भय, असे आम्हांसही वाटले होते. पहिल्याच ऑगस्टने तो भ्रम दूर केला.

नागपूरचा उन्हाळा कोरडा. तेथे घाम तत्काळ उडतो आणि जाताना अंगातील उष्णता घेऊन जातो. कूलरची हवा गार लागते, माठातील पाणी निवते, ते याच न्यायाने. मनामाच्या कुशीला मात्र उथळ आणि तापलेले आखात आहे. 'शमाल' हा वायव्येचा वारा धूळ आणतो, तथापि हवा कोरडीही करतो. तो पडला की बाष्प दाटते. मग घाम सुकत नाही, नुसता वाहतो. ऑगस्टच्या रात्रीही पारा सहसा ३० अंशांखाली उतरत नाही. गावाहून हौसेने आणलेला आमचा माठ त्या महिन्यात केवळ शोभेला उरतो.

'बहरैन' म्हणजे दोन समुद्र. या बेटांभोवती खाऱ्या पाण्याच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते. पाणबुडे बुडी मारून कातडी पिशव्यांत ते पाणी भरून आणीत. त्या झऱ्यांवर खजुराच्या बागा पोसल्या गेल्या. पुढे भूजलाचा उपसा वाढला, खारे पाणी आत शिरले आणि अधारीसारखा प्रसिद्ध झराही आटला. वर्षाकाठी इथे पडणारा पाऊस मुंबईत एखाद्या दिवसातच कोसळतो. त्यामुळे आज आपल्या नळाला येणारे पाणी मुख्यतः समुद्राचे खारेपण काढून, मोठी ऊर्जा खर्चून मिळवलेले असते. चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला चालत गेलेल्यांचे आपण वारस. पाण्याचे मोल आपणांस निराळे सांगावे लागू नये.

परंतु या हवामानाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. आम्ही वातानुकूलित घरातून वातानुकूलित मोटारीत आणि तेथून कार्यालयात जातो. उन्हाळा आम्हांस काचेपलीकडे दिसतो. काचेपलीकडे उभा असतो तो बांधकामावरचा मजूर. बहरैनमध्ये २००७ पासून जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करण्यास बंदी आहे. २०२५ मध्ये हा काळ १५ जूनपासून तीन महिन्यांचा करण्यात आला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि नियम घड्याळ पाहतो, दमटपणा पाहत नाही. सकाळी दहाचे ऊनही घाम सुकू देत नाही, आणि चार वाजून एक मिनिटाने सूर्य सौम्य होत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्याच कारकिर्दीतील होय. श्रम करणाऱ्या देहाला मर्यादा असते आणि ती मर्यादा कायद्याने मानली पाहिजे, हा त्यामागील विचार इथल्या उन्हात पुरेपूर पटतो.

मग आमचे काय? गेल्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी, वंदनेनंतर, आम्ही दुपारी दोनला बाहेरून जेवण मागवले. मोटारसायकलवरून आलेल्या तरुणाचे हात थरथरत होते. त्याला आत बसवून पाणी दिले, तेव्हा तो प्रथम म्हणाला, "उशीर झाला, माफ करा." करुणेची गाथा नुकतीच म्हणून उठलेल्या आम्हांस त्या वाक्याने मान खाली घालावयास लावली.

तेव्हापासून आमच्या घरी उन्हाळ्यात भर दुपारी काही मागवले जात नाही. दाराशी येणाऱ्यास पाणी आणि मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत दिले जाते. मुलांनाही शिकवले आहे : उन्हात कुणी बरळू लागला वा शुद्ध हरपली, तर त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि लगेच ९९९ ला फोन करावा. बेशुद्धास पाणी पाजू नये.

शील आचरणात दिसते. मनामाच्या उन्हाळ्यात ते दुपारी दोन वाजता, आपल्या दाराशी दिसावे.

जय भीम! नमो बुद्धाय!