पट्टा कधी सुटतो?

गिटार शिकवणारे सर पहिल्या दिवशी तारा सुरात लावायला शिकवतात. दुसऱ्या दिवशी बोटं कुठे ठेवायची ते. गिटार गळ्यात कशी घालायची आणि ती तिथेच राहावी म्हणून काय करायचं, हे मात्र कोणी शिकवत नाही. पट्ट्याचं भोक खुंटीत अडकवलं की झालं, असं आपण सगळे धरून चालतो. मीही तसंच धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी पेडण्याकडे आमच्या गावच्या कालोत्सवात नाटकाआधी तासभर आम्हा पोरांचा गाण्यांचा कार्यक्रम होता. माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार नाही. डिचोलीच्या मावसभावाची मागून आणली. मावशीकडचे काका खाणीवर ट्रक चालवायचे. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी ती त्याला सेकंडहँड घेऊन दिली होती. त्यानंतर त्या घरात हौसेची वस्तू आली नाही. हे सगळं ठाऊक असूनही मी ती पाठीवर टाकून दोन बस बदलत घरी आणली, आणि वाटेत तिला धक्का लागू नये म्हणून कोण काळजी घेतली!

तिसऱ्या गाण्याआधी पायाजवळच्या पेडलची घुंडी फिरवायला मी वाकलो. काहीतरी घसरल्यासारखं वाटलं, हात पुढे जाईपर्यंत गिटार डोक्यावर आपटली होती. मान जिथे मागे झुकते तिथेच तुटली. तारांनी तेवढं डोकं धरून ठेवलं होतं. माझ्या गळ्यात नुसता पट्टा.

दृष्ट लागली, असं एक काकी म्हणाली. पट्टा हलका असणार, असं बाकीचे म्हणाले. मावसभाऊ समोरच बसला होता. तो स्टेजवर आला, तुकडा उचलला आणि विचारलं, "तुला लागलं नाही ना?" त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाड्यावरच्या मेस्तांकडे गेलो. त्यांनी तुटलेली मान बाजूला ठेवली आणि आधी पट्टा मागितला. दोन्ही हातांनी ओढून बघितला. चामडं शाबूत, शिवण शाबूत. म्हणाले, "हो तुटूंक ना रे. सुटला."

या एका वाक्यावर मी वर्षभर विचार करतोय. आपल्याला वाटतं की वजनामुळे पट्टा निसटतो. खरं तर तीन-चार किलोची गिटार सरळ लटकत असते तेव्हा तिचंच वजन चामड्याला खुंटीवर ओढून धरतं. पट्टा निसटतो तो सैल पडल्यावर. म्हणजे आपण वाकतो तेव्हा, खुर्चीवर टेकतो तेव्हा, गिटार मांडीवर घेऊन पाणी पितो तेव्हा. ताण गेला की पट्ट्याचं टोक फिरतं, भोक खुंटीच्या डोक्यावर चढतं, आणि आपण उठलो की काम तमाम. त्यात आपली हवा. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याला बुरशी येते, पुसून पुसून ते मऊ पडतं, घामाने भोक मोठं होतं. मोरजी-हरमलला किनाऱ्यावर वाजवणाऱ्यांच्या गिटारींचे स्क्रू तर खारट हवेने गंजलेलेच असतात.

गंमत म्हणजे गळ्यात वाद्य अडकवून उभ्याने वाजवणं आपल्याला नवीन नाही. आरतीला घुमट दोरीने गळ्यात असतं. मातीचं भांडं ते, पडलं की खापऱ्या. शिगम्यात ढोल खांद्यावरून लटकतो, दिंडीत पखवाज गळ्यात बांधलेला असतो, वाजवणारे नाचतात, वाकतात, घामाघूम होतात. पण तिथे दोरीला गाठ असते. सैल पडली तरी गाठ सुटत नाही. गिटारला गाठ नाही, नुसतं भोक आणि खुंटी. शर्टाचं बटण सुटलं तर हसं होतं, इथे मान मोडते. घुमटवाला आरतीला उभा राहण्याआधी दोरी चाचपतो, ते त्याला घरातच कोणीतरी शिकवलेलं असतं. आम्हा गिटारवाल्यांना यूट्यूबने शिकवलंय, आणि तिथे बोटांचाच क्लोज-अप.

उपाय साधा आहे. रबरी वॉशर. त्याचं भोक खुंटीच्या डोक्यापेक्षा लहान हवं, म्हणजे पट्टा अडकवल्यावर वॉशर ताणून वरून बसवता येतो आणि आपोआप खाली येत नाही. परदेशात गिटारवाले ग्रोल्श नावाच्या डच बियरच्या बाटलीच्या झाकणाचं लाल रबर यासाठी वापरत आले. आपल्याला त्यासाठी बियर नको, बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात जा आणि खुंटीला बसेल असा वॉशर मागा. फार तर चहाचे पैसे जातील. रबर उन्हाने तडकतं, तेव्हा सहा महिन्यांनी बदला.

त्याहून पक्कं काम म्हणजे स्ट्रॅप लॉक. शालर, डनलॉप वगैरे कंपन्यांचे मिळतात. त्यात गिटारवरची खुंटी बदलून पट्ट्याला खिट्टी बसवायची असते, ती मुद्दाम मोकळी केल्याशिवाय पट्टा सुटत नाही. माझा एक मित्र म्हणतो, लॉक लावलं की चिंता मिटली. नाही मिटत. लॉकची पट्ट्यावरची चकतीही हळूहळू ढिली होते. शिवाय लॉक बसवलेला पट्टा दुसऱ्या साध्या गिटारला चालत नाही, आणि आमच्यासारख्यांचा तर एकच पट्टा तीन गिटारींना फिरतो. स्टेजवर उड्या मारणाऱ्यांनी लॉक घ्यावं. एसजीसारखी, मानेकडे जड असणारी गिटार असेल त्यांनी तर घ्यावंच. एसजीची पुढची खुंटी मानेच्या बुडाशी मागच्या अंगाला असते, त्यामुळे हात काढला की डोकं खाली जातं. बाकीच्यांना वॉशर पुरे.

वॉशर किंवा लॉक लावण्याआधी खुंटीचा स्क्रू मात्र बघा, हे मेस्तांचं सांगणं. खुंटी बोटाने फिरत असेल तर आतलं लाकूड झिजलंय. स्क्रू काढा, भोकात फेविकॉल लावलेल्या आगकाडीच्या दोन-तीन काड्या (गूल काढून!) ठोका, वर राहिलेलं कापा, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू पिळा. जाडा स्क्रू जबरदस्तीने घुसवलात तर लाकूड चिरतं. आणि केबलचा जॅक गिटारच्या कडेला असेल तर केबल पट्ट्यामागून घेऊन मग जॅकमध्ये घाला. कोणाचा पाय पडला तरी ओढ पट्ट्याला बसते, जॅक उपटून येत नाही.

कोणी म्हणेल, एवढीशी गोष्ट, त्यावर मासिकात लेख? गाण्याबद्दल लिही की. मला हे पटत नाही. आपल्या संगीत खोलीत गेल्या टर्मला नवं पेडल आलं, त्याचं कौतुक झालं, मीही केलं. तिथल्या दोन गिटारींपैकी एकीची मागची खुंटी बोटाने गरागरा फिरते. ती गिटार कोणाच्या बापाची नाही म्हणून कोणी बघत नाही, आणि पहिल्या वर्षाची पोरं तीच गळ्यात घालून उभी राहतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी दुसरी गिटार यायची नाही. हातातली पडली की त्यांचं शिकणं थांबणार.

मावसभावाची गिटार मेस्तांनी चिकटवली. वाजते. नटमागे बोट फिरवलं की जोड लागतो. यंदा कालोत्सवाला तो स्वतःच वाजवणार आहे. मी परवा त्याच्याकडे जाऊन दोन्ही खुंट्यांना वॉशर बसवून आलो. त्याने पट्टा सैल सोडून गिटार तीनदा हलवून बघितली आणि मग मला चहा विचारला.

उरलेले सहा वॉशर माझ्या बॅगेत आहेत. संगीत खोलीची किल्ली कोणाकडे असते?