एकतिसाव्या महिन्याआधी क्लेम वाचा

१५ मार्च २०२४ रोजी पेटंट नियम बदलले, पण नॅशनल फेजचं काम करणाऱ्या अनेक कार्यालयांची सवय बदललेली नाही. परदेशी असोसिएटकडून शुक्रवारी संध्याकाळी सूचना येते, मुदत सोमवारी संपत असते, आणि आंतरराष्ट्रीय अर्ज आहे तसाच दाखल होतो. क्लेम कुणी वाचत नाही. पूर्वी हे निभावून जायचं. परीक्षणाच्या विनंतीचा फॉर्म १८ भरायला प्राधान्य तारखेपासून ४८ महिने मिळायचे, म्हणजे प्रवेशानंतरही जवळपास दीड वर्ष हाताशी असायचं.

आता नव्या अर्जांना नॅशनल फेजमधल्या प्रवेशाप्रमाणेच परीक्षणाच्या विनंतीसाठीही ३१ महिनेच आहेत. प्राधान्य तारीख १२ जून २०२३ आणि आंतरराष्ट्रीय अर्ज जून २०२४ चा असेल, तर दोन्ही मुदती १२ जानेवारी २०२६ लाच संपतात. फॉर्म १८ राहून गेला, तर कलम ११-बी नुसार अर्ज मागे घेतला असं धरलं जातं.

पैशांचा हिशेबही मांडून बघावा. नव्वद पानं आणि बावन्न क्लेम असलेला एखाद्या बड्या औषध कंपनीचा अर्ज घ्या. ऑनलाइन मूळ फी ८,००० रुपये. दहाच्या पुढच्या बेचाळीस क्लेमचे ६७,२००, तिसाच्या पुढच्या साठ पानांचे ४८,०००. एकूण १,२३,२०० रुपये, आणि परीक्षणाचे २०,००० वेगळे. त्या बावन्नांपैकी वीस क्लेम अमेरिका डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले, उपचारपद्धतीचे असतील, तर ते कलम ३(आय) पुढे टिकणार नाहीत. म्हणजे अशिलाचे ३२,००० रुपये पाण्यात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर प्रवेशाच्या वेळीच क्लेम वगळता येतात. ही सोय न वापरणं हा अशिलावर अन्याय आहे.

मात्र सरसकट कात्री चालवणंही धोक्याचं. प्रवेशाच्या वेळी फक्त वगळता येतं, नव्याने लिहिता येत नाही. पुढच्या दुरुस्त्यांना कलम ५९ आडवं येतं. अ‍ॅलर्गन या औषध कंपनीच्या अर्जात मूळ क्लेम डोळ्यांच्या विकारावरील उपचारपद्धतीचे होते. ते बदलून डोळ्यात बसवायच्या इम्प्लांटचे क्लेम मागितल्यावर पेटंट कार्यालयाने नकार दिला. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला, कारण इम्प्लांटचा तपशील मूळ विनिर्देशातच होता. निकाल योग्यच आहे. पण प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, हे विसरता कामा नये. असा अर्ज हाती आला की कोणता क्लेम गाळायचा हे ठरवण्याआधी विनिर्देशात उत्पादनाचा आधार किती पक्का आहे, ते तपासलं पाहिजे. हे काम डॉकेट सांभाळणाऱ्या कारकुनाचं नाही. त्या विषयातल्या पेटंट एजंटचं आहे.

त्यासाठी सत्ताविसाव्या महिन्यात असोसिएटला पत्र गेलं पाहिजे. कोणते क्लेम भारतात चालणार नाहीत, ते वगळल्यास किती फी वाचेल आणि मूळ अर्ज जपानी किंवा जर्मन असल्यास पडताळलेलं इंग्रजी भाषांतर कधीपर्यंत हवं, हे त्यात स्पष्ट लिहावं. फॉर्म १८ भरण्याची मंजुरीही त्याच पत्रात मागून घ्यावी.