इंटरनेट मंद झाले? आधी दोष शोधा, मग पैसे मोजा



ताग्यात अर्धा मीटर कमी भरला तर आपण माल देणाऱ्याशी तासभर हुज्जत घालतो. सुताचा नंबर, पन्हा, वजन, सारे हाताने तपासून मगच चिठ्ठीवर सही करतो. परंतु हाच चोख व्यापारी इंटरनेटच्या बाबतीत मात्र डोळे मिटून पैसे मोजतो. पेढीवरचा संगणक रेंगाळू लागला की आपण दोनच गोष्टी करतो. एकतर मोठा प्लॅन घेतो, नाहीतर कामावरच्या पोराला बोल लावतो. आमचे मत असे की पहिली गोष्ट ही गफलत आहे आणि दुसरी हा अन्याय आहे. आम्ही स्वतः दोन्ही करून बसलो आहोत, म्हणूनच हे लिहीत आहोत.

कोणी म्हणेल, पान दोन मिनिटे उशिरा उघडले तर काय बिघडते? पूर्वी काही बिघडत नव्हते. पण १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, २०१८ पासून ई-वे बिल आले. आज ५० हजारांवरचा माल परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल काढल्याशिवाय गाडी हलत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ३-बी पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागते. कर देणे असताना ते चुकले तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, शिवाय थकलेल्या करावर सालीना १८ टक्के व्याज. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत असतो, आत पान फिरत राहते. हा वेळ फुकटचा नसतो.

आमची पेढी भिवंडीत आहे. पाच संगणक, मागे गोदाम, गोदामात कॅमेरे. २०२४ च्या पावसाळ्यात पाने उघडेनाशी झाली. इंटरनेट देणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ५० एमबीपीएस कमी पडतात, १०० चा प्लॅन घ्या. आम्ही घेतला. फरक शून्य. मग आमचा संशय बिलिंगच्या पोरावर गेला. दुपारी तो मोबाईलवर सामने पाहतो, त्यातच सारी लाईन जाते, असे आम्हांस वाटले. चार लोकांसमोर त्याला सुनावले. तो इतकेच म्हणाला, "सेठ, मी काही पाहत नाही, तुम्ही तपासून घ्या." आम्ही तपासले नाही.

पुढे आमचा भाचा घरी आला. त्याने नेटवर्किंगचा कोर्स केला आहे. गाऱ्हाणे ऐकून त्याने विचारले, "मामू, माग बंद पडला तर तुमचा जॉबर काय करतो?" आम्ही म्हटले, आधी वीज आहे का पाहतो, मग पट्टा, मग धोटा, मग तार. "आणि नवी मोटार घ्या असे पहिल्याच झटक्यात सांगतो?" आम्ही गप्प बसलो.

त्याने जे केले ते क्रमाने सांगतो, कारण सारा मुद्दा त्या क्रमातच आहे.

पहिली पायरी: आपला लॅपटॉप त्याने एका नव्या वायरने थेट राऊटरला जोडला, बाकी सारे काढून टाकले आणि वेग मोजला. वेग पुरा मिळाला. म्हणजे लाईन निर्दोष होती, दोष आमच्याच घरात होता. एक मोजणी केली असती तर वाढीव प्लॅनचे पैसे वाचले असते.

दुसरी पायरी: मुनीमजींच्या संगणकावरून त्याने राऊटरला ‘पिंग’ केले. पिंग म्हणजे साधा निरोप. इकडून विचारायचे, आहेस का? तिकडून जबाब येतो, आहे. पेढीच्या आत, चांगल्या वायरवर, असा प्रत्येक निरोप सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याच्या आसपास परत यायला हवा आणि एकही गहाळ होता कामा नये. आमचे शंभरातले बारा निरोप परतलेच नाहीत. वायरचा माग काढला तर ती लोखंडी कपाटाच्या पायाखाली चेपली होती. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्यांत पिळलेल्या. एक जोडी दुखावली तरी बाहेरून काही दिसत नाही. दिवा लागलेला असतो, काम मात्र लंगडे चालते. नवी वायर भिंतीच्या कडेने टाकली. खर्च काही शे रुपये.

तिसरी पायरी: वेग सुधारला, तरी प्रत्येक पान उघडण्याआधी क्षणभर अडखळत होते आणि एकदा सुरू झाले की झरझर येत होते. ही खूण ध्यानात ठेवावी. असे झाले की बहुधा दोष डीएनएसचा असतो. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण संगणकाला त्याचा आकडी पत्ता लागतो. तो पत्ता सांगणारा मुनीम म्हणजे डीएनएस. आम्ही दोन वर्षांपूर्वी इंटरनेट देणारा बदलला होता, पण संगणकांत पत्ता विचारण्यासाठी जुन्याच कंपनीचा आकडा भरलेला होता. तिकडे आता आमचे कोणी ऐकत नव्हते. संगणक आधी त्याला हाक मारी, वाट पाही, मग दुसऱ्याकडे जाई. एका पानात अशी डझनभर नावे असतात, प्रत्येकाला तोच हेलपाटा. भाच्याने जुना आकडा काढला. त्या जागी नव्या कंपनीचा आकडा चालतो, किंवा ८.८.८.८ वा १.१.१.१ असा सर्वांना खुला असलेलाही चालतो. खर्च काहीच नाही.

चौथी पायरी: दुपारी तीननंतर मात्र सारेच पुन्हा मंदावे. आमचा संशय ज्या वेळेचा होता, तीच ही वेळ. भाच्याने राऊटरमध्ये पाहिले की कोण किती माल बाहेर पाठवतो आहे. गुन्हेगार निघाला गोदामाचा कॅमेरा. रोज तीन वाजता तो दिवसभराचे चित्रण बाहेर साठवणीला पाठवत होता. जाणारा रस्ता भरला की येणाराही अडतो, कारण पान मागण्याचा निरोपसुद्धा त्याच रस्त्याने जातो. कॅमेऱ्याची वेळ रात्री दोनची केली. पोराचा मोबाईल त्या यादीत जवळजवळ शेवटी होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पोराची माफी मागितली, आणि ज्या चार लोकांसमोर सुनावले होते त्यांच्यासमोरच मागितली. प्लॅनचे पैसे गेले ते गेले, परंतु ते बोल आजही आम्हांस टोचतात.

प्रत्येक ठिकाणी हेच दोष असतील असा आमचा दावा नाही. कुठे वाय-फायचे यंत्र लोखंडी शटरमागे असते. कुठे शेजारच्या दहा गाळ्यांचे वाय-फाय एकाच चॅनेलवर भांडत असते. कुठे तांब्याची वायर शंभर मीटरच्या मर्यादेपलीकडे ओढलेली असते. कधी २० तारखेच्या संध्याकाळी सरकारी पोर्टलच दमलेले असते. अशा वेळी दुसरी दोन संकेतस्थळे उघडून पाहावीत. ती झटपट उघडली तर आपल्या वायरी उचकटू नयेत. आणि कधी लाईन खरोखरच खराब असते. मग जरूर भांडावे, पण हातात वही ठेवून: कोणत्या तारखेला, किती वाजता, थेट वायरवर किती वेग मिळाला. मोजमाप दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाला मोठा प्लॅन सुचवून वाटेला लावणे सोपे नसते.

शेवटी एक सूचना. आपल्या मोहल्ल्यांत नेटवर्किंग शिकलेली मुले आहेत आणि कामाच्या शोधात आहेत. एकेका पेढीला असा माणूस ठेवणे परवडणार नाही. पण दहा गाळ्यांनी मिळून एकाला महिन्याचे बांधून द्यावे. त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक पेढीवर यावे, वायरी पाहाव्यात, वेग मोजून वहीत लिहावा. मागाला जॉबर लागतो हे आपल्या वडिलांना कोणी शिकवावे लागले नाही. संगणकालाही लागतो, हे आपण उशिरा का होईना शिकावे. आणि तोवर, पुढच्या वेळी पान अडकले तर कोणावर ओरडण्यापूर्वी एक वायर थेट राऊटरला लावून पाहावी.