विद्यादानाचें दप्तर

आपल्या समाजांत विद्यार्थ्यास हातभार लावण्याची चाल जुनी आहे. वार लावून जेवणारा मुलगा हा एके काळीं पुष्कळ घरांतील नित्याचा पाहुणा असे. सोमवारीं कोण यावयाचा आणि गुरुवारीं कोण, हें गृहिणीस वहीवांचून पाठ असे. आणि एखाद्या वारीं मांडलेलें पान तसेंच राहिलें, तर मुलगा आजारी पडला कीं गांवीं गेला, याची चौकशी त्याच दिवशीं होई. पुढें १९०९ सालीं पुण्यास अनाथ विद्यार्थी गृहाची स्थापना झाली व ही कळकळ संस्थेच्या रूपानेंहि उभी राहिली. परंतु घराची संस्था झाली म्हणजे गृहिणीच्या स्मरणशक्तीची जागा दुसऱ्या कशानें तरी भरून काढावी लागते. ती जागा दप्तराची होय.

आज आमच्या वाचकांपैकीं कित्येक स्त्रीपुरुष आपला फावला वेळ एखाद्या विद्यार्थिसाहाय्यक मंडळास देतात. सायंकाळची अभ्यासिका, इंग्रजीचा व गणिताचा मोफत वर्ग, वह्यापुस्तकांचें वाटप, दहावीनंतरची शिष्यवृत्ति, अशीं तेथील कामें असतात. कार्यकर्त्यांची तळमळ वादातीत असते. दप्तर मात्र विस्कळित. हजेरी एका वहींत, शिष्यवृत्तीचा हिशेब दुसरींत, परीक्षेचे गुण कोणाच्या तरी संगणकावरील एक्सेलच्या पानावर, आणि पालकांचे क्रमांक एखाद्या स्वयंसेविकेच्या मोबाइलमध्यें! ती स्वयंसेविका नोकरीनिमित्त बंगळूरास गेली कीं मंडळाची निम्मी स्मृति तिच्याबरोबर जाते. यावर उपाय म्हणून एखादा जाणता तरुण 'आपण डेटाबेस करूं' असें सुचवितो, आणि वडील मंडळी दचकतात. दचकण्याचें कारण नाहीं. ही विद्या वाटते तितकी परकी नव्हे.

आय. बी. एम. या कंपनींतील संशोधक एडगर कॉड यांनीं १९७० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती ओळी व स्तंभ यांच्या साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि एका कोष्टकाचा दुसऱ्याशीं संबंध समान खुणेनें जोडावा, असें त्याचें सार. त्यांतूनच पुढें असा दंडक रुळला कीं, एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी. आमच्या जुन्या कारकुनांस हें ऐकून फारसें नवल वाटलें नसतें. रोजकीर्दींत व्यवहार घडेल तसा नोंदावयाचा, आणि खतावणींत ज्याचें त्याचें खातें पाहावयाचें, हा भेद ते जाणत होते. फरक इतकाच कीं, कीर्द नीट लिहिली असतां खतावणी यंत्र मागाल तेव्हां स्वतःच काढून देतें.

अशा मंडळाच्या कामास बहुधा चार कोष्टकें पुरतात. पहिलें विद्यार्थ्यांचें: त्यांत प्रत्येकास एक कायमचा क्रमांक, नांव, जन्मतारीख आणि पालकांचा पत्ता. वय लिहूं नये. तें दरवर्षीं बदलतें, जन्मतारीख बदलत नाहीं. दुसरें वर्गांचें. तिसरें प्रवेशाचें: कोणता विद्यार्थी कोणत्या वर्गांत कोणत्या तारखेस आला व कोणत्या तारखेस गेला. चौथें उपस्थितीचें. यांपैकीं तिसरें कोष्टक नवखे लोक गाळतात व विद्यार्थ्याच्या नांवापुढेंच 'पहिला वर्ग', 'दुसरा वर्ग' असे रकाने आंखतात. मग तिसरा वर्ग निघाला कीं रकाने अपुरे पडतात, आणि मुलगी गतवर्षीं कोठें होती तें नव्या नोंदीखालीं पुसलें जातें. पसाऱ्याची भीति मात्र बाळगूं नये. ६० मुलें, आठवड्यास ३ दिवस, वर्षास ४० आठवडे, म्हणजे उपस्थितीच्या ७,२०० ओळी. दहा वर्षांच्या ७२,००० ओळीहि साध्या घरगुती संगणकास मुळींच जड नाहींत. २००० सालीं निघालेलें एस्क्यूलाइट मोफत मिळतें व त्यांत सारें दप्तर एकाच फाइलींत राहतें.

या मांडणीचा खरा लाभ हिशेबाच्या सचोटींत आहे. देणगीदार विचारतात, 'यंदा किती मुलांस लाभ झाला?' वह्यांची बेरीज केली तर गणित, इंग्रजी व शिष्यवृत्ति या तिहींत असलेली एक मुलगी तीन मुली होते, आणि अहवालांतील आंकडा फुगतो. हें कोणी हेतुपुरस्सर करीत नाहीं. पण दुसऱ्यानें विश्वासानें दिलेल्या पैशाच्या बाबतींत अजाणतेपणाची सबब पुरत नाहीं. क्रमांक मोजले म्हणजे माणसें मोजलीं जातात. नांवांवर तशी भिस्त ठेवतां येत नाहीं. कऱ्हाडे किंवा गोऱ्हे या आडनांवांतील चंद्रकोरीसारखा 'र' युनिकोडमध्यें दोन रीतींनीं लिहितां येतो. डोळ्यास दोन्ही एकच दिसतात, यंत्रास मात्र तीं दोन निरनिराळीं माणसें वाटतात.

आतां सर्वांत नाजूक प्रश्न. काय लिहावें, यापेक्षां काय लिहूं नये, याचा विचार अधिक करावा. वडिलांचें व्यसन, आईनें सोडलेलें घर, डोक्यावरचें कर्ज, या गोष्टी मुलें विश्वासानें सांगतात. कोष्टकांत रकाना रिकामा आहे म्हणून त्या भरावयाच्या नसतात. जिच्यावांचून काम अडत नाहीं ती माहिती मागूंच नये. २०२३ सालच्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानें १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानलें असून, तिच्या माहितीसाठीं पालकांची पडताळतां येण्याजोगी संमति घ्यावी असें सांगितलें आहे. कायदा नसता तरी ही मर्यादा सभ्यतेचीच होती. हजेरी घेणाऱ्यास घरची परिस्थिति दिसण्याचें कारण नाहीं. ज्यास जेवढें काम, त्यास तेवढेंच दप्तर उघडावें. दप्तराची एक नक्कल दर आठवड्यास दुसऱ्या सुरक्षित जागीं ठेवावी, आणि ती उघडते कीं नाहीं हेंहि अधूनमधून पाहावें.

पुष्कळ मंडळें केवळ अहवालासाठीं दप्तर ठेवतात, व म्हणून तें वर्षअखेरीसच उघडतात. परंतु दप्तराचा मुख्य प्रश्न या आठवड्याचा आहे: लागोपाठ तीन वेळां कोण आलें नाहीं? श्रावणापर्यंत नियमित येणारी मुलगी दिवाळीनंतर दिसेनाशी होते. धाकट्या भावास सांभाळावयास ती घरीं बसली, कीं कामावर लागली, कीं तिच्या लग्नाचीं बोलणीं सुरू झालीं, हें विचारावयास कोणी वेळेवर गेलें तर कांहीं तरी करतां येतें. सहा महिन्यांनीं नुसतें हळहळतां येतें. अशीं नांवें यंत्र दर शनिवारीं बिनचूक काढून देईल. तिच्या दारीं मात्र माणसासच जावें लागेल. म्हणून डेटाबेस करावयास निघालेल्या मंडळांस आमची एवढीच विनंति आहे कीं, कोष्टकें आंखण्यापूर्वीं ती यादी हातीं घेऊन कोणी जावयाचें, तें प्रथम ठरवावें.